कोपऱ्यातला बुडबुडा

रविवारी चर्चहून आल्यावर रेने स्कोगस्टाडने स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच ओळीला तिचं डोकं फिरलं.

"रेने, या आठवड्यात तुम्ही वर्गातल्या तिघांच्या लेखनावर अभिप्राय दिलात. तिघांनाही 'छान मुद्दे मांडलेत' एवढंच लिहिलंत. त्यातल्या एकीचा लेख तर मध्येच तुटला होता. काय चुकलंय ते सांगायला शिका. दहापैकी चार. डॉ. मँकुसो."

"तुटला होता हे मला दिसलं नाही असं वाटतं का या बाईला? दहापैकी चार!" रेने ओरडली.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा कर्ट फुटबॉलची मॅच बघत होता. आपली टीम हरत होती, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. "मग लिहायचं होतंस की, तुटलाय म्हणून."

"असं कसं लिहायचं? त्या बिचारीच्या घरी दोन तान्ही मुलं आहेत."

"मग बरोबर आहे," कर्ट म्हणाला. "आणि चार म्हणजे काही वाईट नाहीत."

एल्म रिव्हरमध्ये 'काही वाईट नाही' यापेक्षा मोठी शाबासकी कोणी कोणाला देत नाही, आणि 'काही वाईट नाही' यापेक्षा कडक टीकाही कोणी कोणावर करत नाही. उत्तर मिनेसोटातलं ते गाव. तिथे शेजाऱ्याने तुमच्या अंगणात ट्रॅक्टर घातला तरी आधी हवापाण्याच्या गप्पा होतात, मग कॉफी होते, आणि शेजारी निघताना दारात उभं राहून म्हणायचं असतं, "चाकांच्या खुणा जरा खोल उमटल्यात, पण असू दे." त्यावरून तो काय समजायचं ते समजतो. रेनेचा जन्म याच गावातला. न्यू जर्सीत बसून तिला शिकवणाऱ्या डॉ. मँकुसोबाईंचा नव्हता, हीच सगळी अडचण.

रेने पन्नाशी ओलांडलेली, आणि तरुणपणापासून गावातल्या खिडक्यांच्या कारखान्यात. नवीन माणूस आला की तो तिच्याच हाताखाली जायचा. तिने शिकवलेली माणसं आता दुसऱ्यांना शिकवत होती. पण प्रशिक्षण प्रमुखाची जागा निघाली तेव्हा मॅनेजरने मान खाजवत सांगितलं होतं की मालकांच्या मुख्य कचेरीला पदव्युत्तर पदवी लागते, तो तरी काय करणार. म्हणून वयाच्या या टप्प्यावर तिने राज्याच्या दक्षिण टोकाच्या विद्यापीठात घरबसल्या नाव घातलं. विषय, कामाच्या जागी माणसांना शिकवणं आणि घडवणं. म्हणजे जे ती आयुष्यभर करत आली होती तेच, फक्त आता त्याच्यावर निबंध लिहायचे. कारखान्यात ज्याला 'जरा दाखव त्याला' म्हणतात, त्याला पुस्तकात चार शब्दांचं नाव होतं, आणि पुढच्या प्रकरणात त्याच गोष्टीला दुसरं चार शब्दांचं नाव होतं. बुधवारी चर्चेचा प्रश्न पडायचा, शुक्रवारी उत्तर, रविवारी दुसऱ्यांच्या उत्तरांवर अभिप्राय. बर्फ पडलं की इंटरनेट जायचं आणि उत्तर वाटेत कुठेतरी गोठायचं.

एक वाक्य मात्र तिला पहिल्या दिवशीच पटलं होतं. शिकवलं म्हणजे शिकला, असं नव्हे. हे वाक्य तिने कारखान्यात इतक्या वेळा म्हणून दाखवलं की लोक तिला बघितल्यावर आपणहून म्हणायला लागले.

आता शेवटची सहामाही होती आणि शेवटचा विषय, प्रत्यक्ष प्रकल्प. आपल्या कामाच्या जागी एका माणसाला एक काम शिकवायचं आणि तो ते एकट्याने करतो हे दाखवून द्यायचं. डिसेंबरात प्रकल्प पास झाला तर पदवी, आणि पदवी मिळाली तर ती जागा. मॅनेजर तसं बोलला होता, म्हणजे त्याच्या पद्धतीने बोलला होता: "डिसेंबरात झालं तर मग बघता येईल म्हणा." नाही झालं तर शहरातून कोणीतरी यायचं, ज्याने जन्मात काचेला हात लावलेला नसेल, आणि रेनेने पुन्हा त्यालाच शिकवायचं.

तिने काम निवडलं कोपऱ्याचं. तिकडच्या थंडीत खिडकीला दोन काचा लागतात, मध्ये बोटभर पोकळी. चारी कडांनी सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लगदा, नळीच्या बंदुकीतून घट्ट भरायचा. सरळ कड कोणीही भरेल, खरी परीक्षा कोपऱ्यात. तिथे बंदूक उचलायची नाही. हात सावकाश करून, दाबून, तशीच वळवायची. उचललीत की कोपऱ्यात बारीक बुडबुडा राहतो. दोन हिवाळे गेले की तेवढ्या फटीतून दमट हवा आत शिरते आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरतं. गिऱ्हाईक बाहेरून पुसतं, आतून पुसतं, आणि शेवटी कारखान्याला फोन करतं.

शिकणारा होता डागोबेर्तो. टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोहून आलेला, चाळिशीला टेकलेला, हसरा आणि बोलका. मेव्हणीच्या आग्रहाने इतक्या वर आलो आणि आता नाकातले केससुद्धा गोठतात, असं तो सगळ्यांना सांगत असे. शिकवणारा होता वर्लिन आसेन, सीलंटच्या कामातला सगळ्यात जुना हात. वर्लिनच्या तोंडून सलग दोन वाक्यं निघाली तर लोक विचारायचे, घरी सगळं ठीक आहे ना.

रेनेने कामाच्या पायऱ्या पाडल्या, चित्रं काढली, कोणी कधी काय करून दाखवायचं ते ठरवलं. पहिले काही दिवस ती स्वतः बाजूला उभी राहिली, आणि तिच्यासमोर डागोबेर्तोने कोपरे अगदी चित्रातल्यासारखे वळवले. मग तिने दोघांना दोघांच्या भरवशावर सोडलं. येताजाता तिला ऐकू यायचं.

"मास्तर, बरोबर आहे का?" डागोबेर्तो प्रत्येक खिडकीनंतर विचारायचा.

"ठीक आहे की."

"खरंच ठीक, का म्हणायचं म्हणून ठीक?"

"ठीक आहे रे."

आणि खरंच ठीक होतं. डागोबेर्तोची एकही खिडकी तपासणीतून परत आली नाही. रेने हरखून गेली. इतका चांगला निकाल पुस्तकातल्या उदाहरणांतही नव्हता.

डोक्याला ताप होता तो वेगळाच. प्रकल्प जोडीने करायचा होता, आणि तिच्या वाट्याला आला होता ब्राइस. अ‍ॅरिझोनातल्या कुठल्याशा हॉटेलात नोकरी करणारा, तिशीतला, कायम उत्साहाने ओसंडणारा. शिकवण्याची आखणी रेनेने करायची, आणि शिकणं झालं की नाही ते कसं मोजायचं हा भाग ब्राइसने लिहायचा. त्याने तो पाठवला. त्यात खिडकी हा शब्द नव्हता. टॉवेल कसे घडी करावेत यावर मात्र तीन परिच्छेद होते. जुन्या कुठल्यातरी निबंधातून उचललेले असणार.

रेनेने ते सगळं पुसलं, चार संध्याकाळी खर्च करून नव्याने लिहिलं, आणि त्याला कळवलं, "छान झालंय! मी फक्त एकदोन बारीकसारीक गोष्टी हलवल्या."

"आपली जोडी भन्नाट आहे!" ब्राइसचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत तिने सगळ्या टेबलाला ही कथा ऐकवली. "टॉवेल! मी इथे काचेत मरतेय आणि हा टॉवेलच्या घड्या घालतोय!"

सगळे हसले. वर्लिन कपात बघत बसला होता. मग तो उठला आणि, नेहमीप्रमाणे, सुट्टी संपायच्या जरा आधीच कामाच्या जागी निघून गेला. किती कामसू माणूस, रेनेच्या मनात आलं.

नोव्हेंबर लागला आणि डॉ. मँकुसोंचा निरोप आला. "तुमचे निकाल संशय यावा इतके चांगले आहेत. कागदावर कोणीही काहीही लिहील. तो माणूस एकटा काम करतानाचा व्हिडिओ पाठवा. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

रेनेने कपाळावर हात मारला. पुढचा आठवडा म्हणजे हरणांच्या शिकारीचा हंगाम. त्या आठवड्यात एल्म रिव्हरमध्ये दात काढायला डॉक्टर मिळत नाही, लग्न लागत नाही, आणि माणसं मरायचीसुद्धा थांबतात. निम्मा कारखाना नारिंगी जाकिटं घालून रानात बसलेला असतो. वर्लिन तर पहिल्या दिवशी पहाटेच जायचा आणि आठवडाभर कोणाला दिसायचा नाही. पण डागोबेर्तो शिकारीला जात नव्हता. "थंडीत झाडावर बसून मटणाची वाट बघायची? दुकानात मिळतं की," असं त्याचं मत. शिवाय माणूस एकटाच दाखवायचा होता. मग वर्लिन हवाच कशाला?

बुधवारी तिने फोन खांबाला टेकवून उभा केला. डागोबेर्तोने केस विंचरले होते, धुतलेला शर्ट घातला होता. "बापाला पण पाठवणार आहे हा," तो म्हणाला. "मास्तर खूश आहेत म्हणून सांगितलंय घरी."

त्याने बंदूक घेतली. सरळ कड सुरेख गेली. कोपरा आला. त्याने बंदूक उचलली, पलीकडे टेकवली आणि पुढची कड सुरू केली.

रेनेला वाटलं आपल्याला भास झाला. दुसरा कोपरा आला. पुन्हा उचलली.

"थांब. थांब, थांब. कोपऱ्यात उचललीस का?"

"नेहमीच उचलतो."

"नेहमी म्हणजे?"

"तुम्ही उभं राहायचं बंद केलंत तेव्हापासून. असं केलं की मनगट दुखत नाही, आणि दिसतंही स्वच्छ." त्याच्या चेहऱ्यावर जराही अपराधीपणा नव्हता. "मास्तरांना विचारलं होतं की मी, असं चालेल का? ते म्हणाले, काही जण तसं करतात. रोज बघतात, रोज ठीक आहे म्हणतात. का, काय झालं बाई?"

"काही नाही," रेने म्हणाली. तोंडातून शब्द गेला आणि तिला स्वतःचाच राग आला.

ती तशीच तपासणीच्या टेबलाकडे गेली. तिथे जॉइस होती, शाळेत तिच्याच वर्गात असलेली. भिंतीला डागोबेर्तोच्या खिडक्यांची थप्पी लावून ठेवली होती.

"या काय आहेत?"

"या आठवड्यात त्याचे कोपरे जरा… म्हणजे धरतायत म्हणा, पण आत हवा राहतेय," जॉइस म्हणाली. "म्हटलं तुझा अभ्यास चाललाय, कशाला उगाच त्रास द्यायचा."

"जॉइस! आधी एकही परत आली नाही आणि आता थप्पी?"

"आता वर्लिन नाही ना." जॉइसने आवाज खाली आणला. "तो कॉफीच्या सुट्टीत लवकर उठायचा, लोखंडी पट्टीने कोपरे उकरायचा आणि पुन्हा भरून ठेवायचा. मला वाटलं तुला ठाऊक असेल."

रेनेने एक कोपरा बोटाने दाबून बघितला. "कोणाकोणाला ठाऊक होतं हे?"

जॉइसने विचार केला. "तसं… सगळ्यांनाच."

म्हणजे सगळा कारखाना बघत होता. ती इथे शिकणं आणि शिकवणं यातला फरक सांगत हिंडत होती, आणि माणसं तिच्या तोंडावर मान डोलवून सुट्टीत वर्लिनला पट्टी शोधून देत होती. तिचा अख्खा प्रकल्प म्हणजे वर्लिनचा उजवा हात!

ती घरी आली, खुंटीवरचं नारिंगी जाकीट काढलं आणि गाडीची किल्ली उचलली.

"कुठे निघालीस?" कर्टने विचारलं.

"वर्लिनच्या खोपटीवर."

कर्टने टीव्हीचा आवाज बंद केला. "शिकारीच्या खोपटीवर? हंगामात? कोणी मेलंय का?"

"अजून नाही."

खोपटी रानात आत होती, पत्र्याची, धुरकटलेली. दुपार कलली होती. वर्लिन आणि त्याचा भाऊ शेगडीपाशी मोजे वाळवत बसले होते. बाई दारात बघून भाऊ उठला आणि लाकडं आणायला म्हणून जो गेला तो परत आलाच नाही.

"कॉफी?" वर्लिनने विचारलं.

आता रीत अशी की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा म्हणायचं, बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप.

"द्या," रेने म्हणाली. "पूर्ण कप."

वर्लिनचा हात किटलीवरच थांबला.

टेबलावर त्याच्या बायकोने दिलेल्या वड्यांचं ताट होतं, शेंगदाण्याच्या, वर चॉकलेट लावलेल्या. त्यात एकच वडी उरलेली, तीही अर्धी कापलेली, आणि त्या अर्ध्याचंही अर्धं केलेलं. शेवटचा तुकडा आपण संपवला असं कोणाला व्हायला नको म्हणून गावात हे असंच चालतं. शेवटी ताटात नखाएवढी वडी उरते आणि ती धुण्यात जाते. रेनेने ते दोन्ही तुकडे उचलले आणि तोंडात टाकले.

वर्लिन बघतच राहिला.

"तुम्ही त्याचे कोपरे उकरून भरत होतात," ती म्हणाली. "सांगितलं का नाहीत?"

"कोणाला?"

"त्याला! मला! कोणालाही!"

वर्लिनने मोजा उलटा केला. "बिचारा इतक्या लांबून आलाय. उमेदीने विचारायचा. चुकलं म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं."

"त्याला वाईट वाटू नये म्हणून, का तुम्हाला सांगायची लाज वाटते म्हणून?"

हे जरा जास्तच झालं, हे तिला बोलताबोलता कळलं. वर्लिनने शेगडीत एक लाकूड सरकवलं. रेनेला वाटलं आता हा हवेविषयी बोलणार.

"बर्फ येईल असं वाटतंय," वर्लिन म्हणाला. मग मोजा पायात चढवत म्हणाला, "तो तुझा टॉवेलवाला कसा आहे? चांगलं लिहायला लागला का?"

रेनेने कप खाली ठेवला.

माणसाने सरळ शिवी दिली असती तरी ती इतकी लागली नसती. परतीच्या वाटेवर ती गाडीत एकटीच वर्लिनला उत्तरं देत होती. ती वेगळी गोष्ट आहे. तिथे वेळ नव्हता. तो अ‍ॅरिझोनात आहे. एकही उत्तर गावाच्या पाटीपर्यंत टिकलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. ती जपली की आधी दुसऱ्याचं काम अंगावर येतं, आणि मग आपलंच काम हातातून जातं.

घरी येऊन तिने जाकीट न काढताच ब्राइसला फोन लावला.

"ब्राइस, तू लिहिलेला भाग वाईट होता."

"तुम्ही तर छान म्हणालात."

"खोटं बोलले. त्यात खिडक्याच नव्हत्या. मी सगळा पुसून नवा लिहिला. आता मी माझं लिहिलेलं काढून टाकतेय. शुक्रवारच्या आत तुझा भाग तू लिही."

"सगळा? आधी का नाही सांगितलंत?" ब्राइसच्या आवाजातला उत्साह पहिल्यांदाच आटला होता. "मला वाटलं मला जमतंय. मी बॉसलाही सांगितलं की माझा भाग एकदम पक्का झाला."

जवळजवळ हेच वाक्य तिने सकाळी ऐकलं होतं, फक्त धुतलेल्या शर्टातल्या माणसाकडून.

शुक्रवारी तिने तो चुकलेला व्हिडिओच पाठवला, उचललेल्या बंदुकीसकट, आणि ब्राइसला आधीच सांगितलेला सगळा घोटाळा खाली लिहिला. डॉ. मँकुसोंनी सोमवारी दोघांना व्हिडिओवर बोलावलं.

"म्हणजे तुमचा प्रकल्प फसला."

"तसं अगदी फसला म्हणता…" रेने थांबली. "हो. फसला."

"तुम्ही शिकवलंत, तो शिकला नाही. मी पास करू शकत नाही. 'अपूर्ण' असा शेरा देते. जानेवारीअखेरीपर्यंत तो माणूस एकटा, बरोबर, कोणाच्या मदतीवाचून काम करताना दाखवा." बाईंनी कागद उलटला. "ब्राइस, तुझा भाग मात्र या खेपेला नेटका आहे. काय मोजलं, त्यात फसगत कुठे झाली, सगळं आलंय. तू पास."

"ब्राइस पास?" रेनेच्या तोंडून गेलं.

"थँक्स, रेने!" ब्राइस म्हणाला. "तुम्ही तोंडावर सांगितलंत म्हणून झालं बघा!"

तिने लॅपटॉप बंद केला आणि कर्टला एवढंच म्हणाली की मला पुढचा तासभर कोणी काही छान बोलू नका. सासूने पदवीच्या केकची ऑर्डर आधीच देऊन ठेवली होती, नावासकट. तो डिसेंबरात आला, आणि सगळ्यांनी काहीही न विचारता खाल्ला.

मॅनेजरकडे ती त्या सोमवारच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. जानेवारीअखेरीपर्यंत थांबता येईल का, तिने विचारलं.

"बघू म्हणा."

"बघू म्हणजे हो, का बघू म्हणजे नाही?"

आपल्याला असं कोणी कधी विचारलं होतं ते मॅनेजरला आठवत नसावं. त्याने पेन फिरवलं, खिडकीबाहेर बघितलं, त्याला घाम फुटला. "हो," तो शेवटी म्हणाला. "पण त्यानंतर एक दिवसही नाही." आणि इतकं बोलल्याबद्दल त्याने तिची माफी मागितली.

राहिला होता वर्लिन. तो रानातून परत आला त्या सकाळी रेने मुद्दाम जवळच टेप गुंडाळत उभी राहिली. डागोबेर्तोने पहिली खिडकी संपवली. "मास्तर, बरोबर आहे का?"

वर्लिनने टोपी काढली, पुन्हा घातली. "कोपरे चुकतायत."

"कोणाचे?"

"तुझे."

"कधीपासून?"

"रेने बाजूला झाली तेव्हापासून."

डागोबेर्तोने बंदूक खाली ठेवली. "आणि तुम्ही रोज ठीक आहे म्हणायचात."

"मी भरायचो ना नंतर. तुला वाईट वाटलं असतं."

"मग आता काय, बरं वाटतंय?" तो ओरडला, आणि सगळी लाइन थांबली, कारण त्या कारखान्यात कोणी ओरडत नसे. "माझा बाप गल्लीत सांगत फिरतोय की पोराचं काम मास्तरांना पसंत आहे! लहान पोराचा गृहपाठ करून देतात तसं करत होतात तुम्ही माझं. अख्खा कारखाना हसत असेल."

"हसलं नाही कोणी," वर्लिन म्हणाला. ते खरं होतं, पण त्याने काही फरक पडला नाही.

नंतरचे बरेच दिवस डागोबेर्तो डबा आपल्या गाडीत बसून खात असे, इंजिन चालू ठेवून, काचा धुकटलेल्या. वर्लिन आपल्या जागेवरून तिकडे बघायचा. रेने दोघांच्या मध्ये पुस्तकातलं काय काय आणून बघायची. वादानंतर संवाद कसा साधावा यावर एक पूर्ण प्रकरण होतं, त्यातलं एकही वाक्य वर्लिनच्या तोंडात बसण्यासारखं नव्हतं. शेवटी ती वैतागून डागोबेर्तोच्या गाडीत जाऊन बसली.

"तुला शिकायचंय की नाही ते सांग. नसेल तर मी दुसरं कोणी बघते."

"शिकायचंय." त्याने टॉर्टियाच्या पोळीचा तुकडा मोडला. "पण माझी एक अट आहे. मी काम करताना मास्तरांनी हात खिशात ठेवायचे. दोन्ही. तोंडाने काय बोलायचं ते बोला म्हणावं. हात नाही."

तिच्या पुस्तकातल्या सगळ्या प्रकरणांत ही पायरी कुठेच नव्हती. तिने ती सगळ्यात वर लिहिली.

मग रोज सकाळी ते दृश्य दिसायचं. डागोबेर्तो वाकलेला, आणि त्याच्या मागे वर्लिन, दोन्ही हात खिशात खुपसून, ओठ घट्ट मिटून. कोपरा चुकला की त्याचे खांदे हलायचे, खिशातल्या मुठी वळायच्या, मान लाल व्हायची.

"बोला, मास्तर."

"ते… तसं… चुकलं."

"परत बोला."

"चुकलं. मनगट नको, खांदा फिरव."

पहिल्या आठवड्यात तो 'चुकलं' म्हणाला की मागोमाग 'सॉरी' म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात सॉरी गळालं. नाताळनंतर एकदा तो इतक्या मोठ्याने "चुकलं!" म्हणाला की जॉइसच्या हातून पट्टी पडली. डागोबेर्तो हसला. खूप दिवसांनी हसला. गाडीत जेवणं त्यानंतरही पूर्ण थांबलं नाही, पण आठवड्यातून एखाद्या दिवसावर आलं.

जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत रेनेने पुन्हा फोन खांबाला टेकवला. या खेपेला वर्लिनला तिने मुद्दाम पार्किंगमध्ये बर्फ उपसायला धाडलं. डागोबेर्तोने केस विंचरले नव्हते. चार कोपरे, चारी वळवलेले, बंदूक एकदाही न उचलता. पूर्ण झाल्यावर त्याने कोणाला काही विचारलं नाही. स्वतःच आडव्या उजेडात कोपरे बघितले आणि खिडकी पुढे सरकवली.

निकाल आला तेव्हा कॉफीची सुट्टी चालू होती. रेनेने फोन वाचला, पुन्हा वाचला.

"काय म्हणते ती बाई?" जॉइसने विचारलं.

"पास. आणि म्हणते व्हिडिओ हलतोय, उजेड कमी आहे, आणि माझ्या अहवालात एकच गोष्ट दोनदा आलीय."

"म्हणजे काही वाईट नाही," वर्लिन म्हणाला.

"नाही, वर्लिन. चांगलं आहे. चांगलं म्हणा."

वर्लिनने घसा साफ केला. "चांगलं झालं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

टेबलावर रेनेच्या सासूने पाठवलेल्या वड्यांचं ताट होतं. बोलण्याच्या नादात ते संपत आलं होतं. शेवटची एक वडी उरली होती आणि सगळे तिच्याभोवती बसून दुसरीकडे बघत होते. कोणीतरी सुरी उचलली, ती अर्धी करायला. तेवढ्यात डागोबेर्तोने हात घातला आणि वडी अख्खी उचलली.

सुरी तशीच हवेत राहिली.

"ती मला हवी होती," वर्लिन म्हणाला. त्याचे हात सवयीने खिशातच होते.

सगळे त्याच्याकडे वळले. तो स्वतःसुद्धा जरा दचकला असावा.

"मग बोलायचं की, मास्तर!" डागोबेर्तो म्हणाला. वडी त्याने दातांपर्यंत नेलीच होती. त्याने एक मोठा घास तोडला आणि उरलेली त्याच्यापुढे धरली. "घ्या. पण आधी हात खिशातून काढा."